गिअर सुटतो तेव्हा : एका बिघाडाचा इतिहास



घाटाच्या उतारावर एखादी मालमोटार डोंगराला घासून थांबलेली असते. माणसं जमतात, कोणीतरी केबिनमध्ये डोकावतं, आणि गिअरचा दांडा मधोमध, न्यूट्रलमध्ये दिसतो. पंचनाम्यात तेवढं लिहिलं जातं. आता प्रश्न असा की दांडा तिथे आला कसा? चालकाने डिझेल वाचवायला स्वतःच्या हाताने गिअर काढला, की गिअर आपणहून सुटला? दोन्ही वेळी दांडा अगदी त्याच जागी मिळतो. कार्य एक, कारणं दोन. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात ही अडचण कारणांची अनेकता या नावाने मांडली आहे. वर्गात आम्ही ती शिकवायचो तेव्हा मिल यांचंच उदाहरण द्यायचो, मृत्यूचं : मृत्यू एक, कारणं पुष्कळ. खरं म्हणजे गिअरचं उदाहरण द्यायला हवं होतं. ते आमच्या घरातलं होतं.

आमचे थोरले मामा मालमोटार चालवत. आम्ही कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. खंबाटकीचा घाट उतरताना त्यांची गाडी सुटली. मामांनी ती दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगाला गटारात घातली. क्लीनरचा हात मोडला, माल सांडला, पण जीव वाचले. मामा सांगत राहिले, "तिसरा टाकला होता, आपणहून सुटला." मालक म्हणाले, "सगळे ड्रायव्हर हेच सांगतात." नुकसान पगारातून कापलं आणि मामांना काढून टाकलं. मालकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं नाही, हं. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे चालक तेव्हा होते, आजही आहेत. नाहीतर घाटाघाटांत तसं करू नका म्हणून पाट्या लावाव्या लागल्या नसत्या. पण 'पुष्कळ जण करतात' यावरून 'याने केलं' हे निघत नाही. ते निघायला निदान करावं लागतं. (मराठीत 'निदान' या शब्दाची गंमत बघा. आयुर्वेदात तो रोगाचं मूळ शोधण्यासाठी आहे, आणि आपण बोलताना 'निदान एवढं तरी' असंही म्हणतो. मामांची मागणी दुसऱ्या अर्थाची होती : निदान पेटी उघडून बघा.)

या बिघाडाचं निदान कसं करतात ते समजून घ्यायचं तर गिअरबॉक्सचा इतिहास समजून घ्यावा लागतो, असं आमचं म्हणणं आहे. कारण गिअरबॉक्स एका बैठकीत कोणी तयार केलेली वस्तू नाही. तिच्यात थर आहेत. प्रत्येक पिढीने आधीची एक अडचण सोडवली आणि गिअर सुटण्याची एक नवी तऱ्हा मागे ठेवली. आजचा मिस्त्री जे प्रश्न विचारतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न एकेका थराला जाऊन भिडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे 'गिअर स्लिप होतोय' असं सरसकट म्हणतात. इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र त्या मानाने पळत नाही आणि दांडा जागच्या जागी आहे, तर दोष बहुधा क्लचचा. गिअरबॉक्स उघडण्यात अर्थ नाही. दांडा उडी मारून न्यूट्रलला आला, तर मात्र गिअर सुटला. आज आपण बोलतोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

पहिला थर 1891 चा. पॅरिसच्या पानार-लव्हासोर कारखान्यात एमिल लव्हासोर यांनी इंजिन पुढे घेतलं, त्याच्या मागे क्लच, आणि क्लचमागे दात्यांच्या चाकांचा संच. चाकं शाफ्टवरून सरकवायची; जी जोडी हवी तिचे दाते एकमेकांत घुसवायचे. लहान चाकाने मोठं फिरवलं की जोर जास्त, वेग कमी. पुढे हवं तर दुसरी जोडी. सुरुवातीला हा सगळा कारभार उघड्यावर होता, धुळीत आणि चिखलात. 'बॉक्स' नंतर आला. फिरती चाकं एकमेकांवर आपटून गिअर पडायचा, आवाज असा की रस्त्यावरची घोडी बुजावीत. पण युक्ती टिकली.

हे दाते सरळ कापलेले होते. सरळ दात्यांवर जोर पडतो तो फिरण्याच्या दिशेने. बाजूला सरकवणारा जोर जवळपास नसतो. म्हणजे तत्त्वतः एकदा घुसलेला गिअर सुटायचं काहीच कारण नाही. तत्त्वतः! आता चालकाने दांडा पूर्ण ढकलला नाही असं धरा. दाते अर्ध्याच रुंदीवर भिडले. सगळा भार त्या अर्ध्यावर, म्हणून झीज तिथेच. काही महिन्यांनी दाता सपाट राहत नाही, टोकाकडे निमुळता होतो. आणि निमुळत्या दात्यावर भार आला की त्याचा काही भाग बाजूला वळतो. ओल्या साबणाची वडी मुठीत आवळली की सुळकन निसटते ना, तसं. जितकं जास्त आवळाल तितकं लवकर निसटतं. म्हणून झिजलेला गिअर बरोबर भाराच्या वेळी सुटतो, म्हणजे नेमका नको त्या वेळी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : अर्धवट पडणं हे कारण आणि झीज हे कार्य, आणि पुढे तीच झीज सुटण्याचं कारण होते. कारणांची साखळी असते आणि आपल्याला दिसते ती फक्त शेवटची कडी.

दुसरा थर लुई रेनो यांचा. वय एकवीस, राहणं पॅरिसजवळच्या बियांकूरला, अंगणातल्या शेडमध्ये खटपट. 1898 च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपली छोटी गाडी मोंमार्त्रच्या रू लपिक या चढाच्या रस्त्यावर चढवून दाखवली आणि त्याच रात्री गाड्यांच्या मागण्या घेऊन ते घरी आले. त्या गाडीतली नवी गोष्ट म्हणजे थेट जोड. वरच्या गिअरमध्ये दात्यांच्या जोड्यांतून शक्ती न्यायचीच नाही. इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट यांची टोकं एकमेकांत अडकवायची आणि दोघांनी एकच होऊन फिरायचं. 1899 मध्ये त्याचं पेटंट झालं. पुढची कित्येक दशकं मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांचा टॉप गिअर असाच होता.

यात एक अट लपलेली होती. दोन शाफ्ट टोकाला टोक लावून एक व्हायचे, तर दोघांची अक्षरेषा एक असायला हवी. केसभर वाकडी असली तरी प्रत्येक फेऱ्याला अडकलेले दाते एकमेकांना थोडे रेटतात, थोडे सोडतात. आणि हळूहळू, मैल दोन मैलांत, जोड सरकत सरकत बाहेर येतो. म्हणून जाणता मिस्त्री 'फक्त टॉप सुटतो' हे ऐकलं की पेटी उघडायच्या आधी बाहेर बघतो. गिअरबॉक्स इंजिनाला जिथे बोल्टांनी आवळलेला असतो तिथे बोल्ट ढिले आहेत का? दोन तोंडांच्या मध्ये कचरा अडकलाय का? शाफ्टचं पुढचं टोक ज्या छोट्या बुशात किंवा बेअरिंगमध्ये फिरतं ते खाल्लं गेलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : हे कधीपासून? उत्तर पुष्कळदा येतं, 'क्लच प्लेट बदलली तेव्हापासून.' क्लचचं काम करायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. परत चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लटकत ठेवलं, किंवा तोंडं न पुसता आवळलं, तर दोष तिथे शिरतो. गिऱ्हाईक म्हणतं गिअर बिघडला. गिअर बिचारा शाबूत असतो.

आमच्या विषयात याला एक जुना शब्द आहे, उपाधी. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे : धूर आहे तिथे अग्नी आहे, हे चालतं, पण अग्नी आहे तिथे धूर आहे, हे चालत नाही. कारण धूर निव्वळ अग्नीने होत नाही, सरपण ओलं असावं लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, न सांगता मध्ये बसलेली अट. 'टॉप सुटतो म्हणजे टॉपचे दाते गेले' हे विधान याच जातीचं आहे. मध्ये अक्षरेषेची अट बसलेली आहे, ती कोणी बोलून दाखवत नाही.

तिसरा थर लहान आहे, लवकर आटोपतो. 1901 च्या मर्सिडीज गाडीत विल्हेल्म मायबाख यांनी दांड्याला खाचांची जाळी दिली, म्हणजे कुठला गिअर कुठे हे हाताला कळू लागलं. अशाच काळजीतून गिअर जागेवर धरून ठेवायची ती साधी रचना रुळली : फोर्क ज्या रॉडवर बसतो त्या रॉडला खाच, खाचेत स्प्रिंगने दाबलेला छर्रा. गिअर पडताना 'खट्' असं जे हाताला जाणवतं ते हेच. स्प्रिंग मऊ पडली किंवा तुटली, खाचेची कड गोल झाली, की गिअर खड्ड्यात सुटतो. भार असो नसो, धक्का बसला की सुटतो, ही याची खूण. आणि दांडा हलकाच घरंगळतो. आत दाते निमुळते झाले असतील तर दांडा तळहाताला जोराने ढकलून येतो. हाताला लागणारा हा फरक पुस्तकात क्वचित सापडतो. मिस्त्री मात्र बाजूला बसून दांड्यावर नुसता तळहात टेकवून तो ओळखतात.

चौथा थर मोठा. सरकती चाकं एकमेकांवर आपटायची, ते थांबावं म्हणून चाकांच्या जोड्या कायम एकमेकांत अडकवून ठेवायच्या, पण शाफ्टवर मोकळ्या फिरू द्यायच्या आणि जी जोडी हवी तिलाच एका सरकत्या कड्याने, स्लीव्हने, शाफ्टशी बांधायचं, ही कल्पना पुढे आली. मग 1928 मध्ये कॅडिलॅक गाडीने सिंक्रोमेश आणला. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याची ती कल्पना. स्लीव्ह अडकण्याआधी एक शंकू घासून दोघांचा वेग सारखा करतो आणि मगच दाते भिडतात. चालकाची दोनदा क्लच दाबायची कसरत संपली. मोटार चालवणं ही कारागिरी होती ती सवय झाली. आम्हाला याचं थोडं वाईट वाटतं, पण ते असो.

चाकं आता सरकत नव्हती, म्हणून दाते तिरकस कापता येऊ लागले. तिरकस दाते गुळगुळीत चालतात, आवाज कमी. पण तिरकस दात्याला भाराखाली बाजूला सरकायची ओढ असते, आणि गंमत अशी की ॲक्सिलरेटर दाबलेला असताना ती ओढ एका बाजूला आणि पाय काढला की उलट बाजूला. चाकाला शाफ्टवर पुढे-मागे हलायला जागा झाली, म्हणजे वॉशर झिजले, बेअरिंग ढिलं झालं, की दर वेळी पाय दाबला-सोडला की चाक इकडून तिकडे चालतं आणि आपल्याबरोबर स्लीव्हला जरा जरा बाहेर काढतं. हे होऊ नये म्हणून स्लीव्हच्या आणि चाकाच्या त्या छोट्या अडकणाऱ्या दात्यांच्या बाजूंना उलटा उतार देतात, मुळाशी बारीक, टोकाशी जाड. जोर आला की ते एकमेकांना आत ओढतात. म्हणजे साबणाच्या वडीच्या बरोबर उलट. ही कड शाबूत आहे तोवर गिअर धरून राहतो. ती गोल झाली की पुन्हा 1891!

म्हणून मिस्त्रीचा दुसरा प्रश्न : गाडी ओढताना सुटतो, की पाय काढल्यावर? दात्याला दोन बाजू असतात. ओढताना एका बाजूवर भार, इंजिनाने गाडी रोखून धरताना दुसऱ्या बाजूवर. उत्तरावरून कुठली बाजू गेली याचा अंदाज येतो. इंजिनाचे रबरी माउंट गेले असतील तरी पाय दाबता-सोडताना अख्खं धूड डोलतं आणि गिअर सुटू शकतो. ते उपड्या पैशात दुरुस्त होतं, म्हणून ते आधी बघायचं.

पाचवा थर तुमच्यापैकी पिकल्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. 1930 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबाला लावायची टूम निघाली. पुढच्या सीटवर तिघं बसतात, हा त्यातला हिशेब. आपल्याकडे उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याची फियाट, पुढे तीच पद्मिनी, या दोघींनी ती टूम कित्येक दशकं सांभाळली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चालकाच्या डाव्या हाताखाली खांबाला लागलेला तो दांडा आठवा. दांडा आणि पेटी यांच्या मध्ये आता रॉड, सांधे, बुश यांची साखळी आली. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई, बेरीज मात्र मोठी. हाताला वाटतं दांडा शेवटपर्यंत गेला; पेटीत स्लीव्ह अर्ध्यावरच. यावर साधी चाचणी : गाडी बंद, एकाने वर गिअर टाकायचा, दुसऱ्याने खाली पेटीवरचा लिव्हर हाताने आणखी ढकलून बघायचा. तो अजून आत गेला, तर दोष बाहेरच्या साखळीत, पेटीला हात लावायचा नाही. गिअरची वायर असणाऱ्या आजच्या गाड्यांनाही हीच चाचणी लागू पडते.

न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात : हे असताना ते होतं का, हे काढून घेतल्यावर ते थांबतं का. मिस्त्रींनी शब्द ऐकलेला नसतो, पण दुसरं ते करतात काय?

आता मामांकडे वळू. त्यांच्या गाडीत सिंक्रोमेश नव्हता. तशा गाडीत भर उतारावर गिअर सुटला की परत टाकणं महाकठीण. चाकांचा वेग वाढतच असतो. क्लच दाबा, न्यूट्रलवर सोडा, इंजिन नेमकं तेवढं चढवा, पुन्हा क्लच दाबा आणि टाका, हे सगळं वळणावर, भरल्या गाडीत. चुकलं तर नुसता करकर आवाज. मग राहतात ते ब्रेक, आणि ते तापत जातात. मामांनी दोनदा प्रयत्न केला होता, असं ते सांगत.

सहा-सात महिने गेले. त्याच गाडीवर नवा चालक आला होता, मालकांच्या नात्यातला, म्हणून विश्वासाचा. एके दिवशी त्याच घाटात तिसरा सुटला. उतार सौम्य होता, गाडी ब्रेकवर थांबली. चालक बदलला, गाडी तीच, गिअर तोच, उतार तोच. व्यतिरेकाचा याहून चांगला प्रयोग आम्ही पाहिलेला नाही, आणि तो कोणी मुद्दाम केलेला नव्हता. मालकांनी आता पेटी उघडायला दिली.

गॅरेजच्या मिस्त्रींनी मामांना निरोप धाडला, आम्ही बरोबर गेलो. फडक्यावर तिसऱ्याचं चाक, स्लीव्ह आणि फोर्क मांडून ठेवले होते. फोर्कची टोकं पातळ झाली होती. त्यामुळे स्लीव्ह पूर्ण जातच नव्हता. मग त्यांनी आमच्या हातात चाक दिलं. "या बाजूने नख फिरवा. आता उलट्या बाजूने." एका बाजूला नख अडकत होतं, कड धारदार होती. दुसऱ्या बाजूला नख घसरत होतं, दाता उतरता झाला होता. "ओढायची बाजू कोरी आहे," मिस्त्री म्हणाले. "गेली ती रोखायची. चढताना ही गाडी कधी सुटली नसती."

यातला तर्क आम्हाला घरी गेल्यावर उमगला. उतारावर जो चालक न्यूट्रल करतो, त्याच्या गाडीत रोखायच्या बाजूवर भार येतच नाही. ती बाजू कोरी राहते. ती झिजली, याचाच अर्थ ही गाडी वर्षानुवर्षं गिअरमध्ये घाट उतरत होती. मामांना ज्या गोष्टीसाठी दोष दिला ती त्यांनी केली नव्हती, याची साक्ष झिजेनेच दिली. कोरे दाते मिळाले असते तर मामा संशयात राहिले असते.

मामांनी चाक बराच वेळ हातात फिरवलं. मग दात्यांची टोकं दाखवून विचारलं, "ही गोल कोणी केली?"

मिस्त्री म्हणाले, "सगळ्यांनी. अर्धवट टाकून टाकून. तुम्ही पण, शेठ पण, तो नवा पोरगा पण."

मामा यावर काही बोलले नाहीत. मालकांनी कापलेले पैसे परत दिले आणि कामावर बोलावणंही पाठवलं. तोवर मामा एका शाळेच्या गाडीवर लागले होते. ते परत गेले नाहीत. पुढे आम्ही कैकदा त्यांच्या शेजारी बसून प्रवास केला. गिअर टाकला की ते दांड्याला तळहाताने आणखी एकदा आत दाबत आणि मग हात लगेच उचलून घेत. दांड्यावर हात टेकवून बसलेले आम्ही त्यांना त्यानंतर पाहिले नाहीत. हाताच्या वजनाने फोर्क झिजतो, असं त्यांना त्या दिवशी मिस्त्रींनी सांगितलं होतं.